मदत कोणत्या अटींवर?

पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना परदेशी मदतीतून उभा राहिला, ही गोष्ट आज पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी मार्च १९५४ मध्ये स्थापन झाली आणि ऑगस्ट १९५५ मध्ये तिच्या टाक्यांतून पेनिसिलिन निघू लागले. यंत्रसामग्री युनिसेफने दिली. तज्ज्ञ पाठवायचे आणि आपल्या माणसांना शिकवायचे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे होते. जमीन, इमारती, पगार आणि चालू खर्च भारत सरकारचा. या जुळणीमागे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी यांची खटपट मोठी होती. हाफकिन सोडल्यावर ते जागतिक आरोग्य संघटनेत वरच्या पदावर गेले होते, आणि गरीब देशांनी औषधे विकत आणत बसण्यापेक्षा ती बनवायला शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. तोवर बाहेरून आलेले पेनिसिलिन इथे कुप्यांत भरण्यापलीकडे आपली फारशी मजल नव्हती. बुरशीपासून औषध काढायचे तर ती प्रचंड बंद टाक्यांतल्या द्रवात वाढवावी लागते. त्या द्रवातून निर्जंतुक हवा सतत खेळवायची, तो ढवळत ठेवायचा, तापमान अंशाअंशाने सांभाळायचे. कुठून तरी एक परका जंतू आत शिरला, की सगळी टाकी ओतून द्यायची. हे कसब पुस्तक वाचून येत नाही आणि यंत्राबरोबर खोक्यातही मिळत नाही. ते टाकीशेजारी उभे राहून, येणाऱ्याकडून घ्यावे लागते. पिंपरीला मिळालेल्या मदतीचा सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

या मदतीला अटी होत्या, आणि त्या वाचण्यासारख्या आहेत. तयार झालेल्या औषधाचा काही भाग माता-बालकांच्या सार्वजनिक आरोग्यासाठी मोफत द्यायचा होता. कारखान्यात जमलेले ज्ञान व्यापारी गुपित म्हणून दडवायचे नव्हते. दुसऱ्या देशांतल्या तंत्रज्ञांनाही ते खुले राहावे, अशी मूळ कल्पना होती. मदत देणाऱ्याने घातलेली अट म्हटली की आपल्या मनात नाक दाबून तोंड उघडण्याचा प्रकार येतो, पण इथल्या अटी घेणाऱ्याच्या फायद्याच्या होत्या. परदेशी मदतीने आणि कर्जमाफीने विकसनशील देशांचे भले होते का, या प्रश्नाची चर्चा बहुधा रकमेवर अडते: किती डॉलर आले, किती खर्च झाले, किती वाया गेले. माझे म्हणणे असे, की मदतीचा उपयोग होतो, पुष्कळ होतो, आणि तो किती होणार हे रकमेपेक्षा अटींवर ठरते. ज्ञान कोणाकडे राहणार, किंमत कोण ठरवणार, परतफेड कधी सुरू होणार, आणि ही मदत संपल्यावर पुढचा पैसा कुठून येणार, या प्रश्नांची उत्तरे करारात कशी दिली आहेत ते पाहिले पाहिजे. हा तपास करायला पुणे फार सोयीचे आहे, कारण घेणारा, देणारा, कर्जदार आणि सावकार या चारही भूमिकांचे नमुने या एका जिल्ह्यात सापडतात.

पिंपरीत पुढे काय झाले? १९६१ साली एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच प्रयोगशाळेत हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिनही याच कारखान्याचे. म्हणजे दुसऱ्याने शिकवलेले जसेच्या तसे गिरवण्यावर हे लोक थांबले नाहीत. आक्षेप येईल की हीच कंपनी नव्वदच्या दशकात आजारी ठरली, कामगारांचे पगार थकले, जमीन विकण्याची वेळ आली. मग मदतीतून उरले काय? आक्षेप रास्त आहे, पण दोष चुकीच्या जागी लावतो. कंपनी खंगली ती मदतीनंतर तीसचाळीस वर्षांनी. औषधांच्या किमतींवरचे नियंत्रण, नव्या यंत्रांत गुंतवणूक करण्यातली चालढकल आणि उदारीकरणानंतर चीनमधून आलेले स्वस्त पेनिसिलिन, ही त्याची कारणे होती. शिवाय कंपनीची वाट त्याआधीच बदलली होती. स्ट्रेप्टोमायसिनसाठी अमेरिकेच्या मर्क कंपनीशी व्यापारी करार झाला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीमागची खुल्या ज्ञानाची कल्पना मागे पडली. पेनिसिलिनच्या कच्च्या मालासाठी भारत पुढे कित्येक वर्षे चीनवर अवलंबून राहिला, हे पाहिले की १९५५ ची गुंतवणूक चुकली होती असे म्हणवत नाही. ती जपली गेली नाही, एवढेच म्हणता येते.

दुसरे उदाहरण हडपसरचे आहे, आणि त्यात पुणे मदतीच्या वाटेवरचा मधला मुक्काम आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत २६ देशांचा एक पट्टा आहे. तिथे कोरड्या हंगामात, धुळीचे वारे वाहू लागले की मेंदूज्वराची साथ येई. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार दगावले. जे जगले त्यांतल्या अनेक मुलांना बहिरेपण आले. या साथींमागे मुख्यतः ‘ए’ प्रकारचा जंतू होता. त्यावर टिकाऊ संयुग्म लस बनवणे शास्त्राला अवघड नव्हते. अवघड होते ते गिऱ्हाईक मिळणे, कारण ज्यांना लस हवी होती त्यांच्याकडे पैसे नव्हते. २००१ साली गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले, आणि ‘पाथ’ ही संस्था व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांचे म्हणणे स्पष्ट होते: डोस अर्ध्या डॉलरहून महाग असेल तर तो आमच्या उपयोगाचा नाही. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांशी या किमतीत जमेना. तेव्हा प्रकल्पाने व्यवहार उलटा मांडला. आधी किंमत ठरवली आणि मग त्या किमतीत कोण बनवेल ते शोधले. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली हडपसरला सुरू केलेल्या सीरम इन्स्टिट्यूटने ते मान्य केले. धनुर्वाताच्या लसीचा घटक सीरम आधीपासून मोठ्या प्रमाणावर बनवत होतीच. जंतूचे आवरण त्या घटकाला जोडायची युक्ती अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आली, आवरणाचा कच्चा माल आधी नेदरलँड्समधल्या कंपनीकडून आला, चाचण्यांचा खर्च मदतीतून भागला. बदल्यात सीरमने अर्ध्या डॉलरच्या आतल्या किमतीत लस पुरवायची.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये ही लस, मेनआफ्रीव्हॅक, मोहिमेत उतरली. एक ते एकोणतीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना ती द्यायची होती. पुढे तिच्या साठवणीचा अभ्यास झाला आणि असे दिसले, की बर्फाच्या पेटीबाहेर, चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानात ती चार दिवस टिकते. ही बाब तांत्रिक वाटेल, पण जिथे वीज नाही आणि बर्फ करायला यंत्र नाही, तिथे लस देणारी बाई कुपी घेऊन शेवटच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते ती याच चार दिवसांच्या जोरावर. दशकभरात तीस कोटींहून अधिक लोकांना लस मिळाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ प्रकाराच्या मेंदूज्वराचा एकही सिद्ध रुग्ण आढळला नाही. पंचवीस हजार मृत्यूंची साथ आणि शून्य रुग्ण यांच्यात वीस वर्षांचे अंतर आहे. मदत कुठे पोचत नाही, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. याच पायावर उभी राहिलेली पाच प्रकारांवरची लस ब्रिटिश सरकारच्या मदतीने विकसित झाली, हडपसरलाच बनली आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरियात वापरात आली.

इथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की गरिबांच्या नावाने आलेल्या पैशावर एका खासगी कंपनीची भरभराट झाली. झाली, आणि त्यात मला वावगे दिसत नाही, कारण किंमत आधी बांधलेली होती. कंपनीला फायदा हवा असेल तर तो प्रत्येक डोसमागे वाढवून घेता येणार नव्हता. जास्त डोस बनवूनच घ्यायचा होता, आणि जास्त डोस म्हणजे जास्त मुले वाचणे. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानाची राजधानी आक्रा येथे कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेतल्या कोविड लसीची जगातली पहिली खेप उतरली. ते सहा लाख डोस पुण्यात बनलेले होते. महिन्याभरात भारतात दुसरी लाट उसळली आणि लसींची निर्यात थांबली, ती नोव्हेंबरपर्यंत. आपल्या माणसांना आधी लस द्यावी असे भारताला वाटणे स्वाभाविक होते. स्मशानांत रांगा लागलेल्या असताना दुसरा निर्णय कोणत्याही सरकारला घेता आला नसता. पण आफ्रिकेतले आरोग्य कर्मचारी आठ महिने ताटकळले, हेही तितकेच खरे. मेंदूज्वराच्या प्रकल्पात किमतीची अट उत्तम होती, ज्ञान मात्र पुण्यापर्यंत येऊन थांबले होते. पिंपरीच्या मूळ करारातली अट, शिकलेले पुढच्याला शिकवण्याची, इथे नव्हती. कोविडनंतर केपटाऊनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लस-तंत्रज्ञान शिकवण्याचे केंद्र काढले ते ही उणीव ध्यानात घेऊनच.

मदतीची सवय लागते, हा आरोप सर्वांत जुना आहे, आणि त्याची सर्वांत कसून छाननी पुण्यात झाली आहे. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली भारतात गहू येत होता. रुपयांत पैसे चुकवता येत असल्याने डॉलर वाचत. पण फुकटासारखा गहू बाजारात आला की इथल्या शेतकऱ्याच्या धान्याचा भाव पडतो, आणि भाव पडला की त्याला अधिक पिकवायचे कारण उरत नाही, अशी शंका अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हाच काढली होती. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकरांनी अतिरिक्त धान्याचा विकासासाठी उपयोग कसा करता येईल यावर लिहिले, आणि १९६७ साली नीलकंठ रथ व पटवर्धन यांनी पीएल-४८० चा भारतीय अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला यावर संस्थेतर्फेच ग्रंथ काढला. १९६५ आणि १९६६ च्या लागोपाठ दुष्काळांत हा गहू नसता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. एकट्या १९६६ साली देशाने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले. पण त्याच काळात जहाजे सोडायची की रोखायची हे वॉशिंग्टनमध्ये महिन्यामहिन्याने ठरत होते, आणि त्या दोरीचे दुसरे टोक भारताच्या परराष्ट्र धोरणाला बांधलेले होते. या मदतीतली अट देणाऱ्याच्या हाती होती आणि ती केव्हाही बदलू शकत होती.

यावर उत्तर काय द्यायचे, हे गोखले संस्थेचेच धनंजयराव गाडगीळ यांनी दाखवले. १९६७ ते १९७१ या काळात ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या देखरेखीखाली आखलेल्या चौथ्या योजनेने परदेशी मदतीवरचा भार पाच वर्षांत निम्म्यावर आणायचे आणि १९७१ पर्यंत पीएल-४८० ची आयात बंद करायचे लक्ष्य ठेवले. मदत लगेच नाकारावी असे त्यांनी म्हटले नाही. ती कधी संपवायची याची तारीख घेणाऱ्याने स्वतः ठरवली. हरितक्रांतीच्या बियाण्यांनी ते शक्य केले, आणि ती बियाणे व त्यांमागचे संशोधनही परदेशी मदतीतूनच आले होते. गव्हाची पोती आणि गव्हाचे बियाणे, दोन्ही मदतच. एकाने भूक भागवली, दुसऱ्याने पोत्यांची गरज संपवली. मदतीने देश लाचार होतात असे म्हणणारे बहुधा पोत्यांविषयी बोलत असतात, आणि त्यांचा निष्कर्ष बियाण्यालाही लावतात.

आता कर्जाकडे वळू. कर्जमाफी म्हटले की महाराष्ट्रात शेतकऱ्यांची कर्जमाफी आठवते आणि वाद तिथेच पेटतो: माफ केले की फेडणारा मूर्ख ठरतो, पुढे कोणीच फेडत नाही, बँका कर्ज देईनाशा होतात. देशांच्या कर्जाबाबतही नेमके हेच म्हटले जाते. हा वाद पुणे जिल्ह्याने दीडशे वर्षांपूर्वी एकदा पुरता अनुभवला आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि कर्जरोखे व हुकूमनामे काढून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पसरले. सावकारांच्या जिवावर उठणे हा उठावाचा हेतू नव्हता. कागद हवे होते. मागची कारणे आजच्या एखाद्या आफ्रिकी देशाच्या अहवालात शोभावीत अशी आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिथला कापूस थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेजीत कर्ज सहज मिळाले. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास सरकारने तीस वर्षांची मुदत संपल्यावर सारा नव्याने वाढवून बसवला. दूर कुठेतरी भाव पडला आणि सुप्याचा शेतकरी बुडाला. यात त्याच्या उधळेपणाचा संबंध नव्हता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. या कायद्याने कर्ज सरसकट माफ केले नाही. कर्जरोख्यावर लिहिलेला आकडा हेच अंतिम सत्य मानायचे न्यायालयाने सोडावे, असे त्याने सांगितले. व्यवहाराच्या मुळाशी जायचे, किती मुद्दल प्रत्यक्ष हाती पडले, किती फेडले गेले, व्याजावर व्याज किती चढले हे उकलायचे, आणि मग देणे ठरवून हप्ते बांधून द्यायचे. व्याज मुद्दलाहून अधिक धरायचे नाही हा दामदुपटीचा जुना दंडकही त्यात आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. आजही देशांच्या कर्जाला हे मोजमाप लावले की चित्र बदलते. नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांनी २००० साली हिशेब मांडला होता: ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत घेतलेले कर्ज सुमारे ५०० कोटी डॉलर, फेडले १,६०० कोटी, तरी शिल्लक २,८०० कोटी. दामदुपटीचा नियम या देण्याला लागला असता तर खाते कधीच बंद झाले असते. शेवटी २००५ साली पॅरिस क्लबच्या सावकार देशांनी १,८०० कोटी डॉलर सोडून दिले आणि नायजेरियाने उरलेले १,२०० कोटी भरून मोकळे व्हावे असे ठरले.

१९९६ साली जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी योजना सुरू केली. आजवर ३७ देशांना तिच्यातून सुमारे ७,६०० कोटी डॉलरच्या परतफेडीची सूट मिळाली. २००५ साली तिच्यावर आणखी एका माफीची भर पडली. यातली अट अशी की वाचलेला पैसा शाळा, दवाखाने, पाणी यांवर खर्च झालेला दिसला पाहिजे. युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि एका वर्षात शाळेतल्या मुलांची संख्या सुमारे ३० लाखांवरून ५० लाखांच्या पुढे गेली. पुढच्या वर्षी या योजनेतून सूट मिळणारा तो पहिला देश ठरला, आणि तो पैसा गरिबीनिवारणाच्या वेगळ्या निधीत टाकून शाळांचा वाढलेला खर्च पेलता आला. टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांची, झांबियाने २००६ मध्ये ग्रामीण दवाखान्यांची फी रद्द केली. मधल्या मधे पैसा खाल्ला जातो, हा आक्षेप याच युगांडाने खराही ठरवला आणि त्यावर उपायही दाखवला. १९९१ ते १९९५ या वर्षांत सरकारने शाळांसाठी सोडलेल्या अनुदानातले सरासरी अवघे १३ टक्के शाळांपर्यंत पोचत होते. मग कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम सोडली हे वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात झाली. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेले. भ्रष्टाचार आहे म्हणून पैसा थांबवा, हा निष्कर्ष ज्यांना सोपा वाटतो त्यांनी हे १३ आणि ८० विसरू नयेत.

तरीही एक अवघड प्रश्न उरतो. २००५ मध्ये या योजनेचा पूर्ण लाभ मिळालेला झांबिया नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा बुडीत निघाला. घाना २०२२ च्या डिसेंबरात. मग माफीने काय साधले? उत्तर शोधायला पुन्हा पुणे जिल्ह्यात यावे लागते. १८७९ च्या कायद्याने जुना हिशेब नीट केला, पण पुढच्या हंगामाच्या बियाण्याला पैसा कोण देणार हे सांगितले नाही. सावकाराने रीत बदलली; गहाणखताऐवजी तो थेट खरेदीखत लिहून घेऊ लागला, म्हणजे न्यायालयाला उकलायला कर्जच उरू नये. ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी ही फट ओळखली होती. पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढून कमी व्याजाने कर्ज द्यावे, अशी योजना त्यांनी १८८२ च्या सुमारास मांडली. व्हाइसरॉय रिपन यांच्या सरकारने ती उचलून धरली, लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती मोडीत काढली. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ उजाडले. झांबियाचेही असेच झाले. माफीनंतर स्वस्त कर्जाची दारे किलकिली राहिली, गरजा मात्र रस्त्यांच्या, विजेच्या, मोठ्या. २०१२ ते २०१५ या काळात त्या देशाने रोखेबाजारातून ३०० कोटी डॉलर उभे केले. २०१४ च्या रोख्यांवर व्याज ८.५ टक्के, २०१५ च्या रोख्यांवर ८.९७ टक्के. चीनचे कर्ज त्याखेरीज. तांब्याचा भाव पडला आणि १८६५ नंतरच्या कापसासारखी गत झाली. झांबियाच्या राज्यकर्त्यांनी उधळपट्टी केली हे खरे आहे, पण माफीने लोक बिघडतात हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. माफीपाठोपाठ रास्त दराचे नवे कर्ज मिळाले नाही, तर कर्जदार नव्या सावकाराच्या दारी जातो, एवढे त्यातून सिद्ध होते.

रास्त दराचे कर्ज म्हणजे कसे, ते पुण्याच्या नदीकाठी पाहायला मिळते. मुळा-मुठेचे प्रदूषण रोखण्यासाठी जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या ‘जायका’ या संस्थेशी सुमारे १,९०६ कोटी येनचा करार झाला. व्याज दरसाल ०.३० टक्के, मुदत चाळीस वर्षे, त्यातली पहिली दहा वर्षे मुद्दल फेडायचे नाही. कर्ज केंद्र सरकारच्या नावावर. महापालिकेला प्रकल्पाच्या ९९० कोटींपैकी ८५ टक्के अनुदान म्हणून मिळायचे, येनचा भाव वरखाली झाला तर तो भार केंद्राचा. त्यातून दिवसाला ३९.६ कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारी अकरा केंद्रे उभारायची होती. मेट्रोसाठीही युरोपीय गुंतवणूक बँकेचे ६० कोटी युरो आणि फ्रान्सच्या विकास संस्थेचे २४.५ कोटी युरो असेच दीर्घ मुदतीचे. इतक्या चांगल्या अटी मिळूनही आपण नदीच्या बाबतीत काय केले? सल्लागार नेमणे, अंदाजाहून चढ्या निविदा, त्या रद्द करून पुन्हा काढणे आणि केंद्रांसाठी जागा मिळवणे यांत वर्षे गेली. प्रत्यक्ष कामाला २०२२ उजाडले. दहा वर्षांची सवलत केंद्रे बांधून चालू व्हावीत आणि मग हप्ते सुरू व्हावेत म्हणून असते. त्यातली सहा वर्षे कागदांत गेली आणि तेवढा काळ मैला नदीत वाहत राहिला. याला मदत जबाबदार नाही. ज्याच्या हाती खर्च आहे त्याची तयारी नसेल तर ०.३० टक्क्याचे कर्जही महाग पडते, हे पुणेकरांनी महापालिकेला बजावत राहिले पाहिजे.

पुण्याची चाळीस वर्षे आणि ०.३० टक्के एकीकडे, झांबियाची दहा वर्षे आणि ८.५ टक्के दुसरीकडे. येन आणि डॉलर यांची तुलना काटेकोर नाही, हे मान्य. तरी फरक इतका मोठा आहे की चलनाने तो भरून निघत नाही. भारत ज्या वर्षांत झांबियाइतका गरीब होता त्या वर्षांत त्याला जागतिक बँकेची स्वस्त कर्जशाखा, १९६० साली स्थापन झालेली ‘आयडा’, सतत उपलब्ध होती. दीर्घकाळ तिचा सर्वांत मोठा ऋणको भारतच होता. २०१४ मध्ये भारत त्या यादीतून बाहेर पडला आणि देणाऱ्यांत जाऊन बसला. झांबियाची बोलणी २०२३ मध्ये आटोपली तेव्हा सरकारी सावकारांनी सुमारे ६३० कोटी डॉलरची परतफेड २०४३ पर्यंत लांबवली आणि २०३७ पर्यंत व्याज एक टक्क्यावर आणले. जवळपास पुण्याला सुरुवातीलाच मिळाल्या तशाच या अटी, पण बुडाल्यानंतर तीन वर्षांनी, तोवर दवाखान्यांचा आणि शाळांचा पैसा आटल्यावर. दरम्यान देणाऱ्यांचे हात आखडू लागले आहेत. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था ‘यूएसएड’ गुंडाळली. लसींसाठी पैसे उभारणाऱ्या ‘गावी’ला आपण यापुढे पैसे देणार नाही, असेही जाहीर केले. हडपसरच्या लसी ज्या मुलांपर्यंत जातात त्यांतल्या कितीतरी गावीच्या पैशाने विकत घेतल्या जातात.

अशा वेळी भारत कोणत्या अटींवर देतो, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. श्रीलंका २०२२ मध्ये कोलमडली तेव्हा भारताने सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली, आणि पुढे तिच्या सरकारी सावकारांच्या समितीचे सहअध्यक्षपद जपान व फ्रान्सबरोबर सांभाळले. एक्झिम बँकेमार्फत आफ्रिकी आणि शेजारी देशांना आपण जी कर्जे देतो, त्यांतला साधारण पाऊण माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. अशी बांधून ठेवणारी अट एकेकाळी आपल्याला देणाऱ्यांनीही घातली होती आणि आपले अर्थतज्ज्ञ तिच्याविरुद्ध लिहीत होते. आपल्या कारखान्यांना काम मिळते म्हणून ती पूर्ण टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. पण ज्या कर्जातून तिकडे दवाखाना, औषधनिर्मिती किंवा बियाणे केंद्र उभे राहणार आहे, त्यात पाऊण मालाच्या अटीऐवजी तिथल्या तंत्रज्ञांना शिकवण्याची अट घालावी. पिंपरीच्या टाक्यांशेजारी उभे राहून आपण जे शिकलो, त्याचेच मोल मोठे; त्या वेळी यंत्रे कोणाकडून आली होती याला आज काही महत्त्व उरलेले नाही.